'छान सांभाळलंस गं' म्हणतात, आणि मग फोनच उचलत नाहीत

वाचक मैत्रिणीचं पत्र:

"ताई, मी २६ वर्षांची, पुण्यात कर्वेनगरला आईबाबांबरोबर राहते. मागच्या वर्षी नोकरी गेली तेव्हापासून लोकांची कुत्री सांभाळते, कधी आमच्या घरी ठेवून घेते, कधी त्यांच्या घरी जाऊन राहते. आत्तापर्यंत ९ कुत्री झाली. जाताना सगळे म्हणतात छान सांभाळलंस गं, पण नवीन लोक रेफरन्स मागतात तेव्हा जुने फोनच उचलत नाहीत, एकांनी लिहून दिलं तर फक्त 'गुड गर्ल, डॉग हॅपी'. एकदा वैतागून मी माझ्या मावशीचा नंबर जुनी क्लायंट म्हणून दिला आणि पकडले गेले, ते काम गेलं. आणि एक काका आहेत, त्यांच्या घरी राहिले होते तेव्हा त्यांच्या बीगलनं सोफा फाडला, मी घाबरून वरून चादर टाकली आणि चावी देऊन निघून आले. त्यांना कोणी विचारलं तर काय सांगतील ही भीती वाटते. आता दिवाळीची बुकिंग सुरू होतील. चांगले रेफरन्स मिळवायचे कसे?"

अगं बाई, मावशी!

हसले मी वाचून, खोटं कशाला सांगू. पण नंतर वाटलं की मावशी पकडली कशी गेली असेल ते मला माहितीये, कारण नवीन माणूस फोन करून पहिला प्रश्न हा विचारतच नाही की मुलगी कशी आहे. तो विचारतो, तुमचा कुत्रा कुठला, किती वर्षांचा, खातो काय. आणि ज्यांच्या घरी कुत्रा आहे ना, तो माणूस या प्रश्नावर सुटतो, थांबत नाही, म्हणजे आमचा ना किबल (विकतचं कोरडं खाणं) खातच नाही, वरून चिकनचं पाणी घातलं तरच तोंड लावतो वगैरे वगैरे. मावशी म्हणाली असणार, "खातो की, दूध-पोळी." आणि मग "तो" की "ती" यात अडकली असणार. संपलं.

पण त्या फोनवरूनच मुद्दा कळतो बघ. रेफरन्स मागणाऱ्याला तुझं कौतुक ऐकायचंच नसतं. कौतुक कोणीही करतं. त्याला ऐकायचा असतो किस्सा. नेमकं काय झालं होतं, तू काय केलंस, कुत्रा परत आला तेव्हा कसा होता. तुझे जुने लोक फोन उचलत नाहीत याचं कारण ते वाईट आहेत असं नाही गं, त्यांच्याकडे सांगायला काही नाहीये. कुत्रा दिला, चार दिवसांनी कुत्रा घेतला, पैसे जीपे केले. मधल्या चार दिवसांचं त्यांच्याकडे काय आहे? दोन फोटो आणि एक थम्ब्स अप. मग अनोळखी नंबरवरून फोन आला की बोलायचं काय, म्हणून माणूस टाळतो. 'गुड गर्ल, डॉग हॅपी' पण त्यातलंच.

मी सहकारनगरला २०१३ पासून कुत्री ठेवते. पहिल्या दोन वर्षांत माझंही हेच होतं. सुधारलं कशामुळे तर एका कागदामुळे, खरंच सांगते. एक लॅब (लॅब्रॅडॉर) आला होता, सिंबा, पाच दिवसांसाठी, आणि त्याच्या आईला (मालकीण म्हटलेलं तिला आवडायचं नाही) जाताना सगळं तोंडी सांगायला वेळच नव्हता, खाली रिक्षा थांबवलेली, हातात दोन बॅगा, सिंबा उड्या मारतोय. म्हणून मी कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे पटकन लिहून दिलं. अजून माझ्याकडे त्याचा फोटो आहे, जसंच्या तसं देते:

"सिंबा. गुरुवार संध्याकाळ ते मंगळवार सकाळ. पहिल्या रात्री जेवला नाही, शुक्रवारी दुपारपासून नेहमीसारखा. शी रोज दोनदा, रविवारी एकदा पातळ झाली, दहीभात दिला, सोमवारी ठीक. उजव्या पुढच्या पंज्यात बोटांच्या मध्ये एक गोचीड सापडली, काढली, पण डॉक्टरांना सांगून ठेवा. लिफ्टला घाबरतो हे तुम्ही सांगितलं नव्हतं, मी जिन्यानंच नेला. आज दिवसभर झोपेल आणि पाणी जास्त पिईल, घाबरू नका."

बास, एवढंच. तिनं तो कागद फ्रिजला लावला. आणि पुढं जेव्हा जेव्हा मी तिचा नंबर कोणाला दिला तेव्हा तिनं हेच सांगितलं, की अहो तिनं माझ्या कुत्र्याच्या बोटातली गोचीड शोधून काढली, मला तीन वर्षांत कळलं नव्हतं की हा लिफ्टला घाबरतो. (तळमजल्यावर राहायचे ते, कळणार कसं.) बघ, मी तिला रेफरन्स दे म्हणाले नव्हते, मी तिच्या हातात शब्द दिले होते. पावसाळ्यात तर गोचीड शोधणं हे अर्धं काम आहे आपलं, पंजे, कान, शेपटीच्या खाली, रोज रात्री हात फिरवायचा. गोचीड ताप किती कुत्र्यांना होतो ते कुठल्याही डॉक्टरला विचार. तू पण करत असशीलच हे सगळं, फक्त मालकाला ते माहीतच नसतं.

त्या कागदातलं शेवटचं वाक्य नीट बघ. आज दिवसभर झोपेल. दुसरीकडे राहून आलेला कुत्रा घरी जाऊन मेल्यासारखा झोपतो, कारण तुझ्याकडे तो अर्धवट जागा असतो, नवीन वास, नवीन आवाज, तू कुठं चाललीस यावर एक डोळा. हे मालकाला आधी नाही सांगितलं तर संध्याकाळपर्यंत त्यांच्या डोक्यात यायला लागतं की हिनं ह्याला काय केलं, उपाशी ठेवला का, काही गोळी दिली का. ते तुला फोन करणार नाहीत, मनात ठेवतील, आणि तुझा रेफरन्स तिथंच गेला. आधी सांगितलंस तर तीच झोप बघून म्हणतील, अगदी म्हणाली होती तसंच झालं.

आता मागायचं कधी. दारात नाही. दारात सगळे घाईत असतात आणि कुत्र्याला भेटायच्या आनंदात 'खूप छान गं' म्हणतात, ते तुला म्हणत नसतात, त्या क्षणाला म्हणत असतात. तिसऱ्या दिवशी मेसेज कर. तोवर कुत्र्याची झोप झालेली असते, पोट बघून झालेलं असतं, आणि त्यांना कळलेलं असतं की सगळं ठीक आहे. आणि 'प्लीज रिव्ह्यू द्या ना' असं लिहू नको, त्याला उत्तर 'गुड गर्ल' असंच येणार. प्रश्न विचार, तोही एकच, तोही त्यांच्या कुत्र्याबद्दलचा. समजा एखाद्या म्हाताऱ्या कुत्रीला तू रोज गोळी दिलीस, तर विचार, "काकू, राणी आता गोळी कशी घेते? माझ्याकडे पनीरमध्ये लपवून घेत होती." काकू लिहितीलच, की अगं हो, आम्ही इतके दिवस तोंड उघडून कोंबत होतो, तू गेल्यापासून पनीरमध्ये देतोय, किती सोपं झालं. मग म्हण, काकू हेच मी नवीन लोकांना दाखवू का? झालं. काकूंनी कधी रेफरन्स लिहिला हे काकूंनाही कळणार नाही, आणि त्याच्याइतका चांगला रेफरन्स त्या मुद्दाम बसून लिहायच्या म्हटल्या असत्या तरी आला नसता.

परवानगी मात्र दरवेळी घ्यायची. मेसेज दाखवायचा असेल तरी, आणि नंबर द्यायचा असेल तर तर नक्कीच. तुझे लोक फोन उचलत नाहीत याचं दुसरं कारण हेच असेल असं मला वाटतं, तू नंबर देऊन टाकतेस आणि त्यांना माहीतच नसतं. अनोळखी नंबर म्हणजे आजकाल लोन, क्रेडिट कार्ड नाहीतर फ्रॉड, कोण उचलतंय. आधी मेसेज टाक, "दादा, बाणेरहून एक ताई आज-उद्या तुम्हाला फोन करतील, त्यांची शिह त्झू आहे, दिवाळीत माझ्याकडे ठेवायचा विचार आहे, चालेल ना? कधी केला तर बरं पडेल?" आणि त्या ताईंना पण सांग की आधी व्हॉट्सअ‍ॅपवर नाव सांगून मगच फोन करा. एवढं केलंस तर नऊ जणांतले सहा तरी उचलतील.

सगळे नऊ नंबर प्रत्येकाला द्यायचेही नाहीत. दोन, फार तर तीन. आणि जुळणारे. शिह त्झूवाल्या (छोटी, लांब केसांची जात) ताईंना लॅबवाल्या दादांचा काही उपयोग नाही, त्यांचा प्रश्न असतो की केस विंचरशील का, डोळे पुसशील का, मोठ्या कुत्र्यांबरोबर एकत्र सोडशील का. सहा महिने अमेरिकेला मुलीच्या बाळंतपणाला चाललेल्या आजीआजोबांना दोन रात्रींच्या वीकेंडवाल्यांचं ऐकून समाधान होत नाही, त्यांना असा माणूस हवा ज्याचा कुत्रा महिनाभर तुझ्याकडे होता आणि तरी परत आल्यावर मालकाला ओळखत होता. हो, हीच भीती असते त्यांची, आपल्याला विसरेल ही, बोलून दाखवत नाहीत. तू वहीत लिहून ठेव, कोणाचं काय होतं: पिल्लू, म्हातारं, औषधवालं, ओढणारं, भुंकणारं, एकटं राहू न शकणारं. नऊ कुत्र्यांत तुझ्याकडे यातले चार-पाच प्रकार असणारच. आणि एकाच बिचाऱ्या काकूंना महिन्यात पाच फोन जाऊ देऊ नको, फिरवत राहा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथं मी जरा रागावणार आहे. सोफा.

त्याआधी माझी गोष्ट ऐक. २०१७ ची दिवाळी, माझ्याकडे एक बीगलच होता, चीकू. बीगल म्हणजे नाक आणि पोट, मध्ये मेंदू नाही असं मी म्हणते, तुलाही अनुभव आहेच. तासगावहून नणंदेनं बेदाण्याचा अर्धा किलोचा पुडा पाठवला होता, मी तो डायनिंग टेबलवर ठेवून दार उघडायला गेले, दोन मिनिटं, परत आले तर खुर्ची सरकलेली, पुडा जमिनीवर, आणि चीकू पुडा चाटतोय. किती खाल्ले कळायला मार्ग नाही. द्राक्षं, मनुका, बेदाणे हे कुत्र्याच्या किडनीवर जातं, सगळ्यांनाच होतं असं नाही, पण कोणाला होईल आणि किती खाल्ल्यावर होईल याचा हिशोब लागत नाही, म्हणून प्रत्येक वेळी विषच समजायचं. आणि उलटी करवायची तर पहिल्या दोनेक तासांतच, ती पण डॉक्टरांनी, घरी मीठपाणी बिणी पाजायचं नाही. रात्रीचे पावणेदहा, लक्ष्मीपूजनाचा दिवस, बाहेर फटाके. मी डॉक्टरांना फोन लावला, नवऱ्यानं गाडी काढली, आणि गाडीत बसून मी केरळला गेलेल्या चीकूच्या बाबांना फोन केला. हात थरथरत होते माझे. मी म्हटलं, माझ्या चुकीमुळे चीकूनं बेदाणे खाल्लेत, आम्ही आत्ता डॉक्टरांकडे चाललोय, दहा मिनिटांत पोचू, तुम्ही डॉक्टरांशी बोला. ते चिडले. चिडणारच. मी 'पण' हा शब्द उच्चारला नाही, मी दार उघडायला गेले होते वगैरे काही सांगितलं नाही.

उलटी करवली, त्यात मूठभर बेदाणे निघाले, मग दोन दिवस सलाईन, किडनीची रक्ताची तपासणी दोनदा. चीकू ठणठणीत. बिल मी भरलं, त्यांनी अर्धं देतो म्हटलं तरी घेतलं नाही. आणि मला वाटलं, हा क्लायंट गेला, वर सगळ्यांना सांगणार.

पुढच्या मे महिन्यात औंधहून एक बाई आल्या, म्हणाल्या, मला चीकूच्या बाबांनी पाठवलंय. मी विचारलं, काय सांगितलं त्यांनी? म्हणाल्या, "ते म्हणाले चूक झाली त्यांच्याकडून, पण मला कळायच्या आत त्यांनीच मला सांगितलं, त्यामुळे आता मी डोळे मिटून ठेवतो." आजपर्यंत माझ्याकडे सगळ्यात जास्त लोक त्या माणसानं पाठवलेत. सुरळीत गेलेल्या चाळीस कुत्र्यांच्या मालकांनी मिळून पाठवले नसतील तेवढे. कारण विचार कर ना, नवीन माणूस फोनवर जे काही विचारतो त्यातला खरा प्रश्न तोच असतो, काही गडबड झाली होती का? आणि 'नाही नाही, काहीच नाही' या उत्तरावर कोणाचा विश्वास बसत नाही. झाली होती आणि तिनं असं असं केलं, यावर बसतो.

तर तू काय केलंस? चादर टाकलीस. अगं सोफ्याचं काय एवढं, फोम आणि कापड, दुरुस्त होतं. पण त्या काकांनी दुसऱ्या दिवशी चादर उचलली असेल तेव्हा त्यांच्या मनात सोफा नसेल आला, त्यांच्या मनात आलं असेल की हिनं आणखी काय काय झाकलं असेल. कुत्रा पडला असेल का, कुठं पळाला असेल का, रात्रभर एकटा होता का. बीगल सोफा कधी फाडतो? बहुतेक वेळा एकटा ठेवल्यावर. म्हणजे तू बाहेर गेली होतीस, आणि कदाचित जितकं सांगितलं होतंस त्याहून जास्त वेळ. हे मला पत्रावरून कळलं, त्यांना कळलं नसेल का?

तर त्यांना फोन कर. मेसेज नाही, फोन. रेफरन्ससाठी नाही, तो विषय काढायचाच नाही. सरळ सांग, "काका, तुमच्या बीगलनं सोफा फाडला तेव्हा मी चार तास बाहेर होते (जे खरं असेल ते), घाबरले आणि चादर टाकून आले, तेव्हाच सांगायला हवं होतं. दुरुस्तीचे किती झाले ते सांगा, मी देते, एकदम नाही जमले तर दोन महिन्यांत देते." मग गप्प बस. ते दोन शब्द बोलतील ते ऐक. पैसे मागितले तर दे, नको म्हणाले तर दोनदा विचार, तिसऱ्यांदा नको. ते तुला रेफरन्स देतील का? बहुतेक नाही. त्यांचा नंबर तू कोणाला देऊही नकोस. पण नवीन कोणी विचारलं की कधी काही नुकसान झालंय का, तर तुझ्याकडे खरं उत्तर तयार असेल: झालं होतं, माझी चूक होती, भरून दिलं, आता मी कुत्र्याला दोन तासांच्या वर एकटं ठेवत नाही. हे तू स्वतः सांगितलंस ना, तर काकांची भीतीच संपली, कारण ते सांगून सांगून काय वेगळं सांगणार.

मावशीचं प्रकरण ज्यांच्याबरोबर झालं त्यांना एक छोटासा सॉरीचा मेसेज पाठव आणि सोडून दे. काम परत मागू नको. पुण्यात कुत्रेवाल्यांचं जग फार छोटं आहे गं, सकाळी टेकडीवर भेटतात ते सगळे, एआरएआयच्या टेकडीवर नाहीतर हनुमान टेकडीवर, आणि एकमेकांच्या माणसांची नावं त्यांना आठवत नाहीत पण 'ब्रूनोची आई', 'त्या तीन पायाच्या इंडीचे (देशी कुत्र्याचे) बाबा' असं सगळं माहीत असतं. तिथं बातमी पोचते. चांगलीही पोचते.

त्यावरून आठवलं, कागदावरचे रेफरन्स सोडून जे असतात त्यांच्याकडे तू लक्ष देतेस का? तुझ्या सोसायटीचा वॉचमन. कुत्रा सोडायला आलेला माणूस गेटवर एन्ट्री करताना विचारतोच, इथं वरती कुत्री सांभाळतात का हो? आणि वॉचमन काका जे तोंड करतात त्यावर अर्धा निर्णय होतो. शेजारच्या काकूंची भुंकण्यावरून कटकट असेल, जिन्यात शू झालेली तू पुसली नसशील, तर तू वरती चहा ठेवेपर्यंत खाली निकाल लागलेला असतो. दुसरं म्हणजे डॉक्टरांचा दवाखाना. डॉक्टर स्वतः सहसा कोणाची शिफारस करत नाहीत, नको त्यांना भानगड, फार तर 'हो ओळखतो' म्हणतील, तेवढंही पुष्कळ आहे. पण तिथं टेबलवर कुत्रं धरणारा मदतनीस दादा असतो ना, त्याला लोक विचारतात, कोणी सांभाळणारं आहे का चांगलं. त्यानं तुला बघितलेलं असतं, कुत्र्याला इंजेक्शन देताना तू फोनवर होतीस का त्याच्या कानात बोलत होतीस. सांभाळायला आलेलं कुत्रं डॉक्टरांकडे न्यायची वेळ आली तर आपल्या सोयीच्या नाही, शक्यतो त्या कुत्र्याच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे ने, फाइल तिथं असते आणि मालकालाही बरं वाटतं.

आणि नाही म्हणायला शीक. हे ऐकून तुला विचित्र वाटेल पण मला लोक पाठवणाऱ्यांत एक असे गृहस्थ आहेत ज्यांचं कुत्रं मी कधी ठेवलंच नाही. जर्मन शेपर्ड, नर, नसबंदी न झालेला, आणि त्याच तारखांना माझ्याकडे एक मादी येणार होती, तिची हीटवर (माजावर) यायची वेळ होती. मी म्हटलं, मला जमणार नाही, तुमच्या कुत्र्याचे आणि माझे दोघांचे हाल होतील. ते तेव्हा नाराज झाले. पण नंतर लोकांना सांगायला लागले की पैसे मिळत असून ती नाही म्हणाली. दिवाळीत तुझी फार ओढाताण होईल, सगळे एकदम येतील, वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत. एका वेळी दोनच घे, फार तर तीन, एकमेकांशी जमणारी. आधी एक संध्याकाळ भेट, मग एक रात्र ट्रायल, ट्रायलशिवाय दिवाळीत कुत्रं घेऊच नको. मला विचारशील तर दिवाळी ही रेफरन्स मिळवायची सगळ्यात चांगली वेळ आहे आणि घालवायचीही, कारण फटाक्याला घाबरून पट्ट्यातून मान काढून पळालेलं कुत्रं शोधणं यासारखं भयंकर काही नाही. अंधार पडायच्या आत फिरवून आण, हार्नेस (छातीचा पट्टा) आणि गळपट्टा दोन्ही, दोन्हीला वेगळी लीश, पट्ट्यावर फोन नंबर. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, पंखा मोठा, टीव्ही चालू, आणि तो पलंगाखाली जाऊन बसला तर बसू दे, ओढून बाहेर काढून कुशीत घेऊ नको. फराळाचं ताट वर. चिवड्यात बेदाणे असतात, चॉकलेटचे डबे येतात, कशाकशात कांदाही असतो. आणि लक्ष्मीपूजनाच्या रात्री मालकाला एक व्हिडिओ पाठव, दहा सेकंदांचा, पलंगाखालून दिसणारं नाक, खाली वेळ लिहून. ते गावाला फराळ करत बसलेले असतात आणि मनात सारखं कुत्रंच असतं. तो व्हिडिओ ते तिथल्या चार जणांना दाखवतात.

इतर दिवशी मात्र दिवसाला दोनच मेसेज, सकाळी एक, रात्री एक, खाल्लं-झोपला-शी झाली. वीस फोटो पाठवणारी मुलगी कुत्र्याकडे कधी बघते असं लोकांना वाटतं. मला तरी वाटतं.

कागदपत्रांचं थोडक्यात. पोलिसांचं चारित्र्य पडताळणीचं सर्टिफिकेट ऑनलाइन अर्ज करून मिळतं, काढून ठेव, लोकांच्या घराच्या चाव्या घेतेस तू. त्यांच्याकडून रेबीजच्या लसीची नोंद असलेलं पुस्तक बघितल्याशिवाय कुत्रं घ्यायचं नाही, आणि स्वतःलाही चावायच्या आधीच घ्यायची रेबीजची लस मिळते, तुझ्या डॉक्टरांना विचारून घे. गूगलवर पेज कर, पण रिव्ह्यू द्या आणि शंभर रुपये कमी घेते असलं काही करू नको, त्यांच्या नियमात ते बसत नाही आणि वाचणाऱ्यालाही वास येतो. सात चांगले सविस्तर असतील तर पुष्कळ झाले. एखादा तीन स्टारवाला आला तर भांडू नको, खाली नीट उत्तर लिही, लोक तेच वाचतात.

शेवटी एक सांगते जे तू कोणाला मागू शकत नाहीस. दुसऱ्यांदा येणारा कुत्रा. माझ्याकडे सिंबा दुसऱ्यांदा आला तेव्हा गेटपासूनच त्यानं असं ओढायला सुरुवात केली की त्याची आई जवळजवळ पळतच जिना चढली, आणि दारात तो तिच्याकडे मागं वळून न बघता आत स्वयंपाकघरात जाऊन बसला, जिथं मी त्याला आदल्या वेळी चपातीचा तुकडा द्यायचे. तिला जरा वाईटच वाटलं, मला म्हणाली, "बघ ना, टाटा पण नाही केलं." त्याच आठवड्यात तिच्या ऑफिसमधले दोघं जण माझ्याकडे विचारायला आले. तुझ्या नऊ कुत्र्यांतला कोणी दुसऱ्यांदा येणार असेल तर येतानाचा व्हिडिओ मालकालाच काढायला सांग.

आणि फोन आजच कर काकांना, दिवाळीच्या खरेदीत लोक सोफे बदलतात, मग विषय काढायला अजून अवघड होईल. ती चादर कुणाची होती गं, त्यांची का तुझी? तुझी असेल तर आता परत मागू नकोस.